पिल्लांचा नफा आणि मादीचं कॅल्शियम

सातारच्या एका ताईंचा प्रश्न: घरातल्या लव्हबर्डच्या जोडीतली मादी महिन्यापूर्वी अंडं अडकून गेली. अंडी घालण्याची वर्षातली ती तिची चौथी खेप होती. नर आता आठवडाभर पिसं फुगवून बसतो. महिन्याचा घरखर्च २६,००० आणि बचत ५२,०००. त्यातले १४,००० घालून तीन जोड्या नि मोठा पिंजरा घ्यावा, पिल्लं विकून वर्षात पैसे वसूल होतील, असं त्यांना वाटतं. घरचे म्हणतात, डॉक्टरच्या पैशात नवी जोडी येते, त्या नरामागे कशाला धावायचं? घरात सासूबाईंना दमा आहे.

ताई, जोड्या आत्ता घेऊ नका. नराला मात्र उद्याच दाखवा.

तुमचा हिशेब मी पुन्हा मांडून पाहिला. तीन जोड्या, वर्षाला चार खेपा, खेपेला चार पिल्लं, पिल्लामागे ३०० रुपये. १४,४०० झाले, म्हणजे पैसे फिटले. पण त्यातला खेपांचा ‘चार’ हा आकडा वाचून मला वाईट वाटलं. तुमची मादी चौथ्याच खेपेला गेली. अंड्याच्या कवचाला कॅल्शियम लागतं. आहारातून पुरेसं मिळालं नाही तर ते मादीच्या हाडांतून जातं. नुसत्या राळ्यावर आणि सूर्यफुलाच्या बियांवर ठेवलेल्या पक्ष्याला कॅल्शियमही कमी पडतं आणि अ जीवनसत्त्वही. त्यात खेपेमागून खेप झाली की अंडं अडकू शकतं. म्हणजे तुमचा नफा ज्या गोष्टीवर उभा आहे, तीच गोष्ट मादीला मारते. खेपा दोनवर आणा, उत्पन्न ७,२०० होतं. दाणे, औषधं आणि न जगलेली पिल्लं त्यातून वजा करा. दोन वर्षांतही मुद्दल निघत नाही.

शिवाय तुमची बचत दोनच महिन्यांच्या खर्चाएवढी आहे. निदान सहा महिन्यांची होईपर्यंत धंद्यासाठी तिला हात लावू नये.

आता घरच्यांचं म्हणणं. पक्ष्याबरोबर आजारही संपतो, असं त्यांनी धरलंय. तसं नसतं. पोपटवर्गातल्या पक्ष्यांना सिटाकोसिस नावाचा जिवाणूजन्य आजार होतो. वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासात गेली की तो माणसालाही होऊ शकतो आणि न्यूमोनियापर्यंत जाऊ शकतो. तुमच्या नराला तोच आहे असं मी म्हणत नाही, ते डॉक्टरच सांगतील. पण दम्याच्या माणसाच्या दवाखान्यातल्या मुक्कामापुढे पक्ष्याच्या तपासणीचे हजार-दोन हजार काहीच नाहीत. तोवर पिंजरा सासूबाईंच्या खोलीपासून लांब ठेवा, तळाचा कागद ओला करून मगच उचला. दुकानातली पाण्यात टाकायची औषधी पावडर स्वतःहून देऊ नका. शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तुमच्याच जिल्ह्यात आहे. पक्षी पाहणारे डॉक्टर कधी असतात ते फोन करून विचारा.

लव्हबर्ड आजार लपवतो. पिसं फुगवणं, श्वासागणिक शेपटी हलणं, पिंजऱ्याच्या तळाशी बसणं हे दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. त्याआधी कमी होतं ते वजन. म्हणून पहिली खरेदी ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या स्वयंपाकघरातल्या काट्याची करा. पक्षी साधारण ५० ग्रॅमचा. त्यात ५ ग्रॅमची घट म्हणजे शरीराचा दहावा हिस्सा गेला. रोज सकाळी खाण्याआधी वजन घेऊन वहीत लिहा.

बाकी खर्च किरकोळ आहे. कॅल्शियमसाठी समुद्रफेसाचा (माकूळ माशाच्या वाळलेल्या कवचाचा) तुकडा, शिवाय गाजर, मेथी, शेवग्याचा पाला. पिंजरा स्वयंपाकघरात असेल तर आजच हलवा: नॉनस्टिक तवा जास्त तापला की त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरतो. आणि दरमहा ३०० रुपये पक्ष्याच्या दवाखान्यासाठी एका डब्यात वेगळे काढा. भारतात पाळीव प्राण्यांचा विमा मुख्यतः कुत्र्या-मांजरांसाठी मिळतो, त्यामुळे हा डबाच तुमचा विमा.

नर बरा झाला, तर त्याला सोबत म्हणून एक पक्षी जरूर आणा, एकच. तो आधी महिना-दीड महिना वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यांत ठेवा. चोच-पिसांचा विषाणूजन्य आजार नव्या पक्ष्याबरोबर येऊ शकतो आणि त्याच्यावर इलाज नाही. तोवरची वजनांची वही मला पाठवा, सोबतीच्या खर्चाचा हिशेब तेव्हा मांडू.