सिग्मॉइडोस्कोपीला पहिल्यांदा जाताना

तुमची तपासणी साधारण ६० सेंटिमीटर लांबीच्या लवचिक दुर्बिणीने, मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागापुरतीच होणार असल्याने बहुधा भूल दिली जाणार नाही आणि पूर्वतयारीही एनिमावर भागेल. मात्र त्याच वेळी पॉलिप (आतड्याच्या आतल्या अस्तरावर वाढलेली गाठ) काढण्याचा बेत असेल, तर संपूर्ण आतडे साफ करणारे औषध घ्यायचे का, हे आधीच विचारून घ्या. अर्धवट साफ झालेल्या आतड्यात पेट घेणारे वायू उरू शकतात आणि विजेच्या उष्णतेने पॉलिप कापताना ते धोक्याचे ठरतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास डॉक्टरांना जरूर सांगा, परंतु ती स्वतःच्या मनाने बंद करू नका.

आत हवा भरल्यामुळे पोट फुगते, कळ येते, वायूही सरतो. त्यात संकोचण्यासारखे काही नाही. पॉलिप तारेच्या फासाने कापताना मात्र सहसा दुखत नाही, कारण आतड्याच्या आतल्या अस्तराला कापल्याची वेदना जाणवत नाही. नंतर किंचित रक्त दिसणे स्वाभाविक आहे. पण सुमारे दोन आठवड्यांपर्यंत केव्हाही रक्तस्राव वाढला, ताप आला किंवा पोट कडक होऊन दुखू लागले, तर तत्काळ रुग्णालय गाठा. काढलेल्या पॉलिपच्या पॅथॉलॉजी अहवालात ‘ॲडिनोमा’ (पुढे कर्करोगात बदलू शकणारा पॉलिप) आल्यास उरलेल्या आतड्यासाठी सहसा कोलोनोस्कोपी, म्हणजे संपूर्ण मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, सुचवली जाते. ती टाळू नका.