नॅसमध्ये मोठी डिस्क बसवताना : वाचकांची प्रश्नोत्तरे

घरातल्या राउटरला जोडलेली, सगळ्यांचे फोटो आणि कागदपत्रे पोटात घेणारी डिस्कची पेटी, म्हणजेच नॅस, भरत आली की जुन्या डिस्क काढून मोठ्या बसवायच्या, एवढेच काम आहे अशी समजूत जवळजवळ प्रत्येक पत्रात दिसते. वेगवेगळी उत्तरे देऊन घोळ मिटत नसल्याने या वेळी ती एकत्र देत आहे.

दोन खणांच्या नॅसमध्ये ४ टीबीच्या दोन डिस्क मिररिंगवर आहेत. एकच ८ टीबीची बसवली तर जागा वाढेल का? (चाळीसगाव)

नाही; मिररिंगमध्ये दोन्ही डिस्कवर तेच लिहिले जाते, म्हणून दुसरीही बदलून व्हॉल्यूम (यंत्राला दिसणारी वापराची जागा) वाढवेपर्यंत जागा लहान डिस्कएवढीच राहते.

८ टीबीची डिस्क घेतली, पण यंत्र ७.२७ दाखवते. दुकानदाराने फसवले का? (धुळे)

याबाबतीत तरी नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि यंत्र १०२४ च्या पटीत.

मी लग्नाचे फोटो काढतो. दोन्ही डिस्कवर तेच फोटो असल्याने बॅकअप आहेच. एक काढायची, नवी लावायची, की झाले, असे मित्र म्हणतो. बरोबर आहे का? (अमळनेर)

मित्राचे हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकले आहे, की आता त्याचा राग येतो. मिररिंग म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून एक फोल्डर पुसले, तर ते दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसले जाते. व्हायरसने फायलींना कुलूप घातले, तर तेही दोन्हीकडे लागते. आणि विजेचा झटका बसला, तर एकाच पेटीतल्या दोन्ही डिस्क एकत्र जळू शकतात. मिररिंग फक्त एक डिस्क बिघडली तरी काम थांबू देत नाही, यापलीकडे त्याचे आश्वासन नाही.

खरा धोका तर बदलण्याच्या वेळीच असतो. तुम्ही एक डिस्क उपसली की उरलेली जुनी डिस्क एकटी पडते, आणि नेमके तेव्हाच तिला पहिल्या सेक्टरपासून (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा छोटा कप्पा) शेवटच्यापर्यंत सलग वाचून द्यावे लागते. ४ टीबीची नव्या डिस्कवर नक्कल व्हायला सात-आठ तासांपासून पूर्ण दिवसापर्यंत वेळ जातो, आणि वर्षानुवर्षे न उघडलेल्या फोटोंखालचे खराब सेक्टर याच वाचनात समोर येतात. दोन्ही डिस्क एकाच दिवशी, एकाच खोक्यातून घेतलेल्या असतील, तर त्यांची झीजही सारखीच झालेली असते. मागे एक गृहस्थ उशीच्या अभ्र्यात गुंडाळून नॅस घेऊन आले. नक्कल ८० टक्क्यांच्या पुढे गेली असताना जुनी डिस्क टक्-टक् वाजू लागली होती. काढलेली डिस्क हाताशी असती तर तिच्यावरून सगळे परत मिळाले असते. पण ‘जुनी द्या, नवी स्वस्तात घ्या’ या योजनेत ती त्यांनी त्याच संध्याकाळी दुकानात देऊन टाकली होती.

म्हणून आधी सर्व फायली वेगळ्या बाहेरच्या डिस्कवर उतरवा आणि त्यातल्या दहा-पंधरा खरोखर उघडून पाहा. मग दोन्ही जुन्या डिस्कचा ‘स्मार्ट’ अहवाल, म्हणजे डिस्कने स्वतःच ठेवलेली तब्येतीची नोंद, काढा. ‘रीअ‍ॅलोकेटेड’ किंवा ‘पेंडिंग’ (खराब म्हणून बदललेल्या किंवा संशयित) सेक्टरपुढे शून्याखेरीज आकडा असेल, तर हात न लावता अहवाल जाणकाराला दाखवा. खण चुकू नये म्हणून डिस्कवरचा सीरियल नंबर पडद्यावरच्या नंबराशी जुळवा, पहिली नक्कल पूर्ण झाल्याचा संदेश आल्याशिवाय दुसरी डिस्क काढू नका, आणि काढलेल्या डिस्क महिनाभर कपाटात राहू द्या.

दुकानदार म्हणतो, सीसीटीव्हीची डिस्क घ्या, तीच असते आणि स्वस्त पडते. (शहादा)

‘तीच असते’ हे त्याच्या शिलकी मालाचे वर्णन असावे. ती डिस्क सतत चित्रण लिहीत राहण्यासाठी जुळवलेली असते. नॅसमध्ये ती चालेल, पण मी सुचवणार नाही. त्याहून महत्त्वाचा प्रश्न सीएमआर की एसएमआर, म्हणजे डिस्कवर माहिती लिहिण्याची पद्धत कोणती, हा आहे; नॅससाठी सीएमआर घ्या, तिच्यात पट्टे एकमेकांवर न चढता शेजारी-शेजारी असतात. एसएमआरमध्ये डिस्कवरचे पट्टे घराच्या कौलांसारखे एकमेकांवर अंशतः चढवलेले असतात, त्यामुळे मधले एक कौल बदलायचे तर शेजारची उचलावी लागतात आणि सलग लिहिण्याचे काम रखडते. वेस्टर्न डिजिटलच्या ‘रेड’ मालिकेत, म्हणजे खास नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या डिस्कमध्ये, २ ते ६ टीबीच्या काही मॉडेलांत हेच तंत्र न सांगता वापरल्याचे २०२० साली उघड झाले होते. तेव्हा खोक्यावरच्या नावावर विसंबू नका. पूर्ण मॉडेल नंबर कंपनीच्या यादीत तपासा आणि तोच बिलावर लिहून घ्या. वापरलेल्या डिस्कचे तास शून्यावर आणून नव्या म्हणून विकण्याचे प्रकारही घडतात.

केळीच्या व्यापाराचे हिशेब नॅसवर आहेत. लाइट जाते, पण इन्व्हर्टर आहे. पुरेसा आहे का? (रावेर)

इन्व्हर्टर वीज देतो, पण बॅटरी संपत आल्याचे यंत्राला सांगत नाही. यूएसबी केबलने नॅसला जोडता येणारा यूपीएस घ्या, म्हणजे नॅस स्वतःहून नीट बंद होईल. कोणता चालेल हे उत्पादकाच्या यादीत पाहा. आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जात असताना, पत्र्याखालच्या खोलीत, बंद कपाटात डिस्क बदलण्याचे काम काढू नका. डिस्कची कमाल मर्यादा साधारण ६० ते ६५ अंश असली, तरी ५० च्या वर आकडा दिसू लागला की मी थांबतो.

जुन्या नॅसमध्ये १६ टीबीच्या डिस्क चालतील का? (नंदुरबार)

यंत्राच्या सुसंगतता-यादीत नसल्यास घेऊ नका. जुन्या ३२-बिट प्रोसेसरच्या अनेक यंत्रांना १६ टीबीहून मोठा व्हॉल्यूम करताच येत नाही.

एका डिस्कचा दिवा तीन आठवडे लाल आहे, पण सगळे चालू आहे. दिवाळीच्या सेलमध्ये बदलली तर चालेल का? (भुसावळ)

नाही. आज रात्री फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवा आणि उद्या सकाळी यंत्र जाणकाराकडे न्या.