हिशेबाची वही

प्रिय लेकी,

प्रभूच्या नावाने सलाम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. खोलीतल्या मैत्रिणीला ताप आला तेव्हा तू चार रात्री जागलीस, तिच्या तोंडात घास भरवलास, आणि बरी झाल्यावर तिने तुझ्याच माघारी तुझी निंदा केली. ख्रिस्ती माणसाने किती सोसायचं, असं विचारतेस. आधी माझं सांगते.

मी छत्तीस वर्षं नर्स होते. वॉर्डात रोज कितीतरी जणांचे बेडपॅन उचलले, पण मन कधी कडू झालं नाही. ते झालं घरी. सासूबाईंना अर्धांगवायू झाला, उजवी बाजू गेली, बोलणं तुटक झालं. रात्री तीनला उठून चादर बदलायची, कोमट पाण्याने अंग पुसायचं, पाठीला पावडर लावून कूस वळवायची. एकदा नणंद भेटायला आली, तर तिला एवढंच म्हणाल्या, "पाणी गार असतं." त्या दिवशी मी मनात वही उघडली. नणंद किती वेळा आली, मी किती रात्री जागले, कोण काय बोललं, सगळं तारीखवार.

बायबलमध्ये प्रेषित पौलाने करिंथकरांना, म्हणजे करिंथ शहरातल्या मंडळीला, लिहिलं की प्रीती अपकार स्मरत नाही. शब्बाथशाळेत, चर्चच्या रविवारच्या वर्गात, आपण हे तोंडपाठ केलेलं असतं. पुष्कळ वर्षांनी आमच्या पाळकांनी सांगितलं, तिथला मूळ ग्रीक शब्द जमाखर्चातला आहे, खात्यावर मांडून ठेवणे अशा अर्थाचा. ऐकून मी बाकावर बसल्या जागी ओशाळले. वॉर्डात माझं कुणाकडे येणं नव्हतं, घरी मात्र प्रत्येकाकडे होतं.

पुढे मलाच ताप भरला. तशीच उठून पेज केली आणि सासूबाईंजवळ बसले. त्यांनी डाव्या हाताने वाटी माझ्याकडे सरकवली. मी म्हटलं, "तुम्ही घ्या." त्यांनी परत सरकवली, पेज चादरीवर सांडली. मी चिडून फडका आणला. त्या भिंतीकडे बघत राहिल्या. इतक्या महिन्यांत त्यांनी मला काही द्यायचा केलेला तो एकच प्रयत्न, आणि तोही मी पुसून टाकला.

योहानाच्या शुभवर्तमानात, तेराव्या अध्यायात, येशू शिष्यांचे पाय धुवायला वाकतो तेव्हा शिष्य पेत्र आधी नकोच म्हणतो. त्याचं नको म्हणणं मला त्या वाटीमुळे कळलं. देणाऱ्याच्या जागेवर बसायची सवय लागली की घेणाऱ्याच्या जागी बसणं फार जड जातं. त्याच बैठकीत येशूला धरून देणारा यहूदा इस्कार्योतही होता, बरं का. पाय त्याचेही धुतले गेले.

म्हणून सगळं मुकाट्याने सोसत राहा, असं मात्र मी तुला सांगणार नाही. लूकच्या शुभवर्तमानातल्या दाखल्यातला शोमरोनी आठव, लुटारूंनी वाटेत अर्धमेला टाकलेल्या अनोळखी माणसासाठी थांबलेला. त्याने त्या माणसाच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, उतारशाळेत नेलं, रात्रभर शुश्रूषा केली. दुसऱ्या दिवशी दोन दिनार, म्हणजे दोन दिवसांची मजुरी, उतारशाळेच्या रक्षकाला दिली, परत येईन म्हणाला आणि आपल्या वाटेने गेला. त्याने दुसऱ्याला कामाला लावलं, याकडे आपलं लक्षच जात नाही. पंडिता रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुलींना नुसतं जेवू घातलं नाही. केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये शाळा होती, हातमाग होते, छापखाना होता, अंध मुलींसाठी ब्रेल होती. प्रीतीला घडी बसवावी लागते, लेकी. दमलेल्या माणसाची चिडचिड शेवटी आजाऱ्यावरच निघते, हे मी नर्स म्हणून सांगते.

तेव्हा आज रात्री मैत्रिणीला समोर बसवून, आवाज न चढवता सांग, "तू असं बोललीस, मला लागलं." भांड्यांची पाळी तिची असेल तर तिलाच घासू दे. आणि तिने चहा केला, अगदी पाक केल्यासारखा गोड असला तरी, पूर्ण पी. तिच्यासाठी रोज प्रार्थना कर, तिचं नाव घेऊन.

रविवारी उपासनेनंतर फोन कर. दोनपर्यंत मी शेजारच्या आजींच्या पायाचं ड्रेसिंग करायला जाते. त्या हल्ली मला न जेवता सोडत नाहीत, म्हणून अडीचनंतरच कर.

तुझी,
मावशी