रेडिएटर बदला, पण आधी तिसरा हप्ता थांबवा

प्रश्न: माझी २०१२ची छोटी पेट्रोल गाडी आहे. पाच महिन्यांपूर्वी रेडिएटर गळायला लागला म्हणून नाना पेठेतून ४,२०० रुपयांचा आणून बसवला. आता तोही गळतोय. मेकॅनिक म्हणतो ओरिजिनल टाका, होज, कूलंट, मजुरी धरून १४ हजार होतील. मेव्हणे म्हणतात, विकून टाका, लाखभर येतील, नऊ लाखांची नवी घ्या. पगार हातात ६२ हजार येतो, पत्नी शिकवण्या घेते, मुलगा दहावीत आहे. क्रेडिट कार्डावर ८५ हजार बाकी आहेत, पण मिनिमम ड्यू एकदाही चुकवलेला नाही. खात्यात ४५ हजार आहेत, ते दोन महिन्यांनी येणाऱ्या एक लाखाच्या विमा हप्त्यासाठी ठेवलेत. दोन हप्ते भरून झालेत. पाच वर्षांत पैसे दुप्पट होतील असा बँकेतल्या मॅडमचा मेसेज आहे, तेव्हा कार्ड फेडून टाकीन. आत्ता रेडिएटर कार्डावर करू की गाडी विकू? (हडपसरचे एक वाचक)

उत्तर: गाडी विकू नका. रेडिएटर करा, पण कार्डावर नको, खात्यातल्या ४५ हजारांतून करा. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. मला काळजी वाटते ती पत्राच्या शेवटच्या तीन ओळींची.

मिनिमम ड्यू भरला म्हणजे कार्ड सुरळीत चाललंय, असं तुम्ही धरून चालला आहात. तसं नाही. ८५ हजारांवर महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे तीन हजार व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी, झाले साडेतीन हजार. तुम्ही भरता साधारण सव्वाचार हजार. म्हणजे मुद्दल कमी होते जेमतेम सातशे रुपयांनी. वर्षाला ४२ हजार नुसत्या व्याजात जातात, तेवढ्यात असे तीन ओरिजिनल रेडिएटर बसले असते. शिवाय जुनी बाकी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. रेडिएटरचे १४ हजार पहिल्या दिवसापासून व्याज खातील.

आता पॉलिसी. तुम्ही पाठवलेल्या पहिल्या पानाच्या फोटोत स्पष्ट लिहिलंय: हप्ते १० वर्षं, मुदत २० वर्षं, मुदतीअखेर अंदाजे २० लाख, विमा १० लाख. पाच वर्षांत दुप्पट हे त्यावर कुठेही नाही. दरवर्षी लाख भरून पाचव्या वर्षाअखेर १० लाख हवे असतील, तर परतावा २४ टक्क्यांच्या आसपास लागतो. असा परतावा कोणतीही पारंपरिक पॉलिसी देत नाही आणि तो मेसेज पाठवणाऱ्या व्यक्तीला हे माहीत असायलाच हवं होतं. कागदावरचा हिशेब केला तर परतावा साडेचार टक्के पडतो. तुम्ही ४० टक्क्यांहून जास्त व्याज भरताय, का, तर साडेचार टक्के मिळवायला. दहावीतला मुलगा असलेल्या घराला अशी पॉलिसी गुंतवणूक म्हणून विकली, याचा मला मनापासून राग येतो. आणि विमा किती, तर १० लाख. उद्या तुम्हाला काही झालं तर ६२ हजार पगारावर चालणारं घर त्यात दीड वर्षसुद्धा निघणार नाही.

म्हणून आधी टर्म इन्शुरन्स, म्हणजे बचत नसलेला निव्वळ जीवनविमा घ्या, किमान ७५ लाख ते एक कोटीचा. वैयक्तिक जीवनविम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झालाय. प्रपोजल फॉर्मवर आजार, सवयी सगळं खरं लिहा. टर्म पॉलिसी हातात आली की मगच जुन्या पॉलिसीला हात लावा, क्रम उलटा करू नका.

तिसरा हप्ता भरायचा नाही. 'दोन लाख गेले, आता मध्येच कशी सोडू' हा विचार येईल, मला समजतं. पण गेलेले पैसे तिसरा लाख घालून परत येत नाहीत. विमा कंपनीकडून दोन आकडे लेखी मागवा: आज सरेंडर केली, म्हणजे मुदतीआधी बंद करून पैसे काढले तर किती, आणि पेड-अप ठेवली, म्हणजे पुढचे हप्ते न भरता कमी रकमेवर चालू ठेवली तर मुदतीअखेर किती. हमीची सरेंडर रक्कम दुसऱ्या वर्षी भरलेल्या हप्त्यांच्या ३० टक्के, तिसऱ्या वर्षी ३५ टक्के असते, म्हणजे तुमच्या बाबतीत ६०-७० हजार. प्रत्यक्ष आकडा त्याहून जास्त येऊ शकतो.

पण सरेंडरच्या फॉर्मवर लगेच सही करू नका, कारण तुमच्याकडे तो मेसेज आहे. फ्री-लूकचे, म्हणजे नवी पॉलिसी परत करण्याचे ३० दिवस केव्हाच उलटले, तरी चुकीची माहिती देऊन पॉलिसी विकल्याची तक्रार करता येते. मेसेजचा स्क्रीनशॉट जोडून विमा कंपनीकडे आणि बँकेकडे लेखी तक्रार करा आणि पूर्ण हप्ते परत मागा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर विमा लोकपालांकडे, म्हणजे विमा ग्राहकांच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे जा. त्यांचं कार्यालय पुण्यातच आहे, नारायण पेठेत. फी लागत नाही, वकील लागत नाही. पैसे मिळतीलच असं मी म्हणणार नाही, पण लेखी पुरावा असलेली तक्रार न करता एक लाख तीस-चाळीस हजारांपर्यंतचं नुकसान सोसू नका.

कार्ड फेडायला पॉलिसीच्या पैशांची वाट पाहायची गरजही नाही. ४५ हजारांतून रेडिएटरचे १४ गेले की उरलेले ३१ हजार त्याच दिवशी कार्डात भरा. राहिले ५४. हप्त्यासाठी महिन्याला बाजूला पडणारे आठ हजार आणि आज भरता ते सव्वाचार, असे १२ हजार दरमहा टाकलेत तर पाच-सहा महिन्यांत बाकी शून्य. तोवर कार्ड वापरू नका.

नव्या गाडीचं थोडक्यात: आठ लाखांचं कर्ज, सात वर्षं, साडेनऊ टक्के, हप्ता १३ हजार. हा विषय सध्या बंद. तुमच्या गाडीची नोंदणी २०२७पर्यंत आहे, पुढे फिटनेस तपासणी, पाच हजार शुल्क आणि पर्यावरण कर भरून पाच वर्षांसाठी नूतनीकरण होतं.

मात्र १४ हजार देण्याआधी मेकॅनिकला विचारा, नवा रेडिएटर पाच महिन्यांत का गेला? प्रेशर टेस्ट करून गळती नेमकी कुठे आहे ते बघायला सांगा. प्लास्टिकची टाकी आणि ॲल्युमिनियमची जाळी जिथे दाबून जोडतात तिथून गळत असेल तर माल हलका होता. बिल असेल आणि वॉरंटी उरली असेल तर आधी दुकानदाराकडे जा. होजच्या क्लिपमधून गळत असेल तर काम शंभर-दोनशेत भागेल. झाकण खराब असेल तर आतला दाब वाढतो आणि नवा रेडिएटरही टिकत नाही. हेड गॅसकेट, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाखालचं (हेडखालचं) सील गेलं असेल तर ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये शिरतो आणि तोच दाब रेडिएटर फोडतो. तसं निघालं तर खर्च वाढेल, तरीही तो नव्या गाडीच्या दोन-तीन हप्त्यांच्या आतबाहेरच राहील. बोअरचं किंवा टँकरचं पाणी ओतू नका, क्षारांनी जाळी चोंदते. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटरच वापरा. गळती बंद करणारी पावडरही नको. काम होईपर्यंत खंबाटकी घाटात गाडी नेऊ नका. इंजिन तापून हेड वाकलं तर माझा वरचा सगळा हिशेब चुकेल.

एक काम याच आठवड्यात करा. विम्याचा हप्ता खात्यातून आपोआप कापला जाण्याची सूचना बँकेत दिलेली असेल, तर ती लेखी अर्ज देऊन रद्द करा आणि पोच घ्या. तारीख आली आणि रक्कम पुरली नाही तर हप्ता बाऊन्स होऊन वर दंड लागेल, पुरली तर तिसरा लाखही अडकेल.