पाळ फुटली तेव्हा आजी कुठं होती?

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

धानाच्या चुरणीत अडकलो होतो, म्हणून उत्तराला उशीर झाला. तुझ्या गोष्टीच्या दुसऱ्या भागाची वही दोनदा वाचली.

पहिल्या भागात एक आजी, तिचा नातू अन् एक मामा (माजी मालगुजारी) तलाव. रात्री पाळीला भोक पाडून आजीनं शेजाऱ्याच्या वाट्याचं पाणी आपल्या बांधीत घेतलं, तो प्रसंग मी अजून विसरलो नाही. आता तलावांची अख्खी साखळी, बारा गावं, तीन गट, महापूर. अन् आजी? एकदा चहा देते, बस्स.

'मास इफेक्ट 2' (2010) हा व्हिडिओ गेम पुन्हा खेळ. मुख्य शत्रूची गोष्ट मोजक्या मोहिमांत आटोपते. बाकी खेळ जातो साथीदार गोळा करण्यात अन् एकेकाचं जुनं झेंगट निस्तरण्यात. ज्याचं निस्तरलं नाही, तो शेवटच्या मोहिमेत सहज मरू शकतो. त्यातला मॉर्डिन बघ. क्रोगन या परग्रहावरच्या जमातीचा वंश आटवणारा रोग पुन्हा कडक करण्यात या डॉक्टरचा हात. दुसऱ्या भागात तो स्वतःचं समर्थन करत राहतो, आपलाच जुना विद्यार्थी समोर आल्यावर थोडा हलतो. तिसऱ्यात (2012) त्याच रोगाचा इलाज सोडायला वर चढतो अन् जीव देतो. अर्थात खेळाडूनं आडकाठी केली नाही तर. जमातीचा प्रश्न आपल्याला कळतो तो या बडबड्या माणसामुळं.

याची किंमतही मोजावी लागते. दुसऱ्यात जवळपास कोणीही मरू शकतं, त्यामुळं तिसऱ्यात त्यातल्या बहुतेकांवर कथेचा भार टाकता आला नाही. मॉर्डिन आधीच मेला असेल, तर त्याच्या जागी दुसराच डॉक्टर उभा करावा लागला. तेव्हा आजी मरू शकते की नाही, हे आधी ठरव. पूर मग लिही.

मला विचारशील तर पाळ तिथंच फुटू दे, जिथं आजीनं भोक पाडून वरून माती लिंपली होती. बारा गावं गुन्हेगार शोधताहेत अन् ठाऊक आहे फक्त नातवाला. ज्या शेजाऱ्याचं पाणी गेलं, तोच आता एका गटाचा पुढारी. तीन गट कशाला हवेत, हे मला अजून कळलं नाही, दोन पुरे.

नाटकाची तारीख ठरवायला पुढच्या आठवड्यात वडस्याला येतोय. भेट. वही आण, बारा गावांचा तो नकाशा घरीच ठेव.

तुझा,
काका