पडलेल्या बागेचा व्हिडिओ

प्रिय बेटा,

रावेरकडच्या वादळाचा तुझा व्हिडिओ पाहिला. केळीची बाग आडवी झालेली दिसली. पण कुणाची, किती, आणि त्या घडांचं पुढे काय, ते कळलंच नाही. कॅमेरा नुसता इकडून तिकडे पळतोय.

शॉट सुरू असताना फोन हलवायचा नाही. कोपर बरगडीला टेकव, मनात दहा मोज, मग बंद कर. आधी बांधावरून सगळी बाग घे. मग जवळ जा, पण पायांनी. बोटांनी झूम केलंस की चित्र फुटतं. घड भरायच्या आत खोड मोडलं तर तो माल व्यापारी उचलत नाही, म्हणून चिखलातला हिरवा, कोवळा घड हीच तुझी बातमी. स्क्रीनवर त्याच्यावर बोट दाबून धर, फोकस आणि उजेड दोन्ही लॉक होतात. मग शेतकऱ्याचे हात, मग चेहरा. तलाठी पंचनाम्याला येईल त्या दिवशी पुन्हा जा. तेव्हा तिथे बहुधा दुसरा कॅमेरा नसतो.

चित्र थोडं डळमळलं तर लोक चालवून घेतात, आवाज फाटला की पुढे सरकतात. केळीच्या पानांची फडफड माईकला फार त्रास देते, तेव्हा मुलाखत बागेबाहेर, वाऱ्याकडे पाठ करून घे. कॉलर माईक नसेल तर दुसरा फोन एअरप्लेन मोडवर टाकून, रेकॉर्डिंग चालू करून, त्यांच्या वरच्या खिशात ठेव. सुरुवातीला एक टाळी वाजव; एडिटिंगला आवाज आणि चित्र तिथे जुळवता येतं. फोन समोर धरला की आपली माणसं पेपरातलं मराठी बोलायला लागतात! आधी भरताच्या वांग्यांचा भाव विचार. रावेर-यावलला लेवा बोली येईल, धुळ्याकडे अहिराणी, धडगावला पावरी. येऊ दे, खाली मराठी ओळी दे.

मे महिन्यात पारा ४४-४५ वर गेला की फोन तापून कॅमेरा ऐन वेळी बंद पडतो. दोन शॉटच्या मध्ये तो सावलीत ठेव.

लैंगिक अत्याचाराच्या बातमीला गेलास, तर पीडितेचं घर, गल्ली, पाठमोरी आईसुद्धा टिपायची नाही. गाव साडीवरून ओळखतं. भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ आणि मुलांसाठी पॉक्सोचं कलम २३ स्वतः वाचून घे.

पंचनाम्याचं फुटेज न कापता पाठव, व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून. नुसता व्हिडिओ टाकलास तर तो दबून येतो, आणि मला फोकस तपासता येत नाही.

तुझा,
काका