'अल्टरनेटिव्ह स्प्लायसिंग'ला मराठीत काय म्हणावं?

मेंदूतल्या रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवर बसून रासायनिक निरोप टिपणाऱ्या प्रथिनांवर, मराठीत लेख लिहितेय, 'अल्टरनेटिव्ह स्प्लायसिंग'ला 'पर्यायी जोडणी' म्हटलं तर चालेल का, असा एकीचा प्रश्न आहे. एकाच जनुकाच्या नकलेतले तुकडे कमीजास्त ठेवून वेगवेगळी प्रथिनं बनवायची, ते हे स्प्लायसिंग. माझं मत विचाराल तर नको. जोडणी म्हटलं की गॅसची नाहीतर नळाची जोडणी आठवते, त्यात कापणं कुठेच येत नाही आणि इथे तर आधी कापायचं, मगच जोडायचं.

माझी आजी लुगड्याला दंड घालायची. नऊवारी लुगडं मधेच विरलं की तेवढा पट्टा कापून काढायचा आणि दोन्हीकडचे धड तुकडे एकमेकांना शिवायचे, त्या शिवणीला दंड म्हणतात. स्प्लायसिंग म्हणजे जवळजवळ हेच! फरक इतकाच की पेशी मूळ कापडाला, म्हणजे डीएनएला, हात लावत नाही, त्याची आरएनए नक्कल काढते आणि कात्री त्या नकलेवर चालते, आणि कधीकधी तर चांगला कामाचा तुकडा, म्हणजे एखादा एक्झॉनसुद्धा मुद्दाम वगळला जातो. पण आज 'दंड' वाचून लोकांना पोलिसांची पावती आठवेल, म्हणून मी 'सांधणी' म्हणेन. सांधायचं म्हटलं की आधी काहीतरी तुटलंय हे आलंच.

आता 'पर्यायी'. पर्यायी रस्ता आपण धरतो तो मुख्य रस्ता बंद असला की. इथे तसं काही नसतं. डोपामिन या मेंदूतल्या निरोप्या रसायनाचा डी2 रिसेप्टर घ्या, जनुक एकच, सहावा एक्झॉन ठेवला तर लांब प्रकार, वगळला तर आखूड, दोघांत फरक 29 अमिनो आम्लांचा, म्हणजे प्रथिनाच्या माळेतल्या 29 मण्यांचा. लांब मुख्यतः ज्या पेशीला निरोप पोचतो तिच्यावर बसतो, आखूड मुख्यतः डोपामिन सोडणाऱ्या पेशीवरच बसून 'पुरे झालं, आता सोडू नको' असं तिला सांगतो. दोघंही एकाच मेंदूत एकाच वेळी कामावर, कुणी कुणाचा बदली नाही! म्हणून 'वैकल्पिक सांधणी' मला जास्त पटतं.

ग्लुटामेट या दुसऱ्या निरोप्या रसायनाच्या अँपा रिसेप्टरमधे तर खराच विकल्प आहे, 'फ्लिप' किंवा 'फ्लॉप', 38 अमिनो आम्लांचा तुकडा, एक घेतला की दुसरा नाही. हे 1990 मधे कळलं. उंदराच्या मेंदूत जन्माआधी फ्लिपचाच भरणा असतो, फ्लॉप नंतर वाढतो, आणि फ्लॉपवाला रिसेप्टर बहुतेकदा ग्लुटामेट समोर असूनही लवकर मिटतो. या मिटण्याला, इंग्रजीतल्या 'डिसेन्सिटायझेशन'ला, 'असंवेदनीकरण' वगैरे लिहू नका, 'बोथट होणं' लिहा, वाचणाऱ्याला लगेच कळेल.